ओआहाकाचे आठवडी बाजार: जुना बाजार, नवा माल

दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका खोऱ्याला तीन फाटे आहेत. वायव्येला एत्ला, पूर्वेला त्लाकोलुला आणि दक्षिणेला ओकोत्लान. तिन्ही मिळतात तिथे ओआहाका शहर, आणि शेजारच्या डोंगरावर इ.स.पू. 500 च्या सुमारास वसलेले प्राचीन शहर मोन्ते आल्बान. मित्रमंडळींनी एका दिवसात बाजार आणि कारागिरांची गावे पाहायची ठरवली, तर आधी वार बघायचा आणि मग फाटा निवडायचा. रविवार त्लाकोलुलाचा, बुधवार एत्लाचा, गुरुवार साआचिलाचा, शुक्रवार ओकोत्लानचा, शनिवार खुद्द शहराचा. इतर वारी त्लाकोलुलाला गेलात तर छपराखालची नेहमीची मंडई तेवढी दिसेल. रस्तोरस्ती पसरणारा बाजार रविवारीच.

वारांची ही वाटणी पर्यटकांसाठी झालेली नाही. स्पॅनिश येण्याआधी मध्य मेक्सिकोत बरेच बाजार पाच दिवसांच्या चक्राने भरत. सात दिवसांचा आठवडा वसाहतीबरोबर आला. गावागावाचा जिन्नस ठरलेला असे, एकीकडे मडकी, दुसरीकडे लोकर, तिसरीकडे मका दळायचे पाटे. त्यामुळे कोणत्याच गावाचे दुसऱ्यावाचून चालत नसे, आणि व्यापारी रोज नव्या बाजारात जाऊ शके. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी 1940-41 मध्ये हुलिओ दे ला फुएन्ते यांच्यासोबत याच बाजारांचा अभ्यास केला.

बाजार प्राचीन, म्हणून त्यातला मालही प्राचीन असे गाइड सांगतात. तिथे सावध राहावे.

त्लाकोलुलाच्या वाटेवरचे तेओतित्लान देल व्हाये हे विणकरांचे गाव. कमरेला बांधायच्या मागावर इथे पूर्वी सुती कापड विणले जाई. मेंढ्या आणि पायट्यांचा माग 16 व्या शतकात स्पॅनिशांनी आणला. लोकरी गालिचा त्यानंतरचा. लाल रंग मात्र खरोखर जुना. फड्या निवडुंगावर पोसलेल्या कोचिनील किड्याच्या माद्या वाळवून तो काढतात. किलोभर वाळलेल्या कोचिनीलला सुमारे दीड लाख किडे लागतात. वसाहतकाळात मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीच्या खालोखाल याचाच नंबर होता. ईस्ट इंडिया कंपनीने 1795 मध्ये भारतात आणवलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. त्याचा रंग हलका, पण त्याने तिथल्या निवडुंगाचा फडशा पाडला. 1856 नंतर कृत्रिम रंग आले आणि हा धंदा बसला. 1940 च्या दशकात पॅन-अमेरिकन महामार्ग आला, त्यामागून पर्यटक आले. 1970 च्या दशकात इथले विणकर पिकासोची चित्रेसुद्धा गालिच्यावर उतरवत होते.

लोकर तुरटीत उकळून घेतल्यावर रंग धरते. त्याच लाल रंगात लिंबाचा रस पडला तर तो केशरीकडे झुकतो, सोडा पडला तर जांभळ्याकडे. विणकर हे तळहातावर करून दाखवतात, पण त्यावरून समोरचा गालिचा त्याच रंगाचा आहे असे सिद्ध होत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का पाहा, आणि सुटा धागा मागून घेऊन जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. गाडीवाल्याने नेलेल्या दुकानात त्याचे कमिशन भावात धरलेले असू शकते, म्हणून गावात पायी हिंडून दोन-तीन घरे पाहिलेली बरी.

शुक्रवारच्या फाट्यावर आधी सान बार्तोलो कोयोतेपेक लागते. इथली काळी, आरशासारखी भांडी 1950 च्या दशकातली. त्याआधी इथले कुंभार पाणी आणि मेस्काल नावाची दारू वाहून न्यायला राखाडी, मंद पोताची टणक मडकी भाजत. इथल्याच कुंभार रोसा रेआल यांनी मग जवळजवळ वाळलेली माती गारेच्या दगडाने घोटली, आच कमी ठेवली आणि भट्टीची तोंडे लिंपून धूर कोंडला. हवा न मिळाल्याने मातीतले लोह काळे पडते. आच वाढली तर चमक जाते, म्हणून भांडे अर्धवटच भाजायचे. तेच पुढे पाझरते. फुलदाणी घेतलीत तर पाणी घालू नका.

आत्सोम्पा गावच्या हिरव्या भांड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची पारंपरिक झिलई शिशाची असते, आणि लिंबू-टोमॅटोसारख्या आंबटात शिसे उतरते. स्वयंपाकासाठी ‘सिन प्लोमो’, म्हणजे बिनशिशाचेच मागा.

पुढे सान मार्तिन तिल्काहेतेत रंगीत लाकडी प्राणी मिळतात, आलेब्रिहे. हे नाव पेद्रो लिनारेस यांच्या कागदी लगद्याच्या चमत्कारिक जनावरांचे, तेही मेक्सिको शहरात, 1936 च्या सुमाराचे. ओआहाकात रंगवलेल्या लाकडी आकृतींना बाजार मिळवून दिला आरासोला गावच्या मानुएल हिमेनेस यांनी. ‘हजारो वर्षांची सापोतेक (इथल्या मूळ रहिवाशांची) परंपरा’ ही पाटी म्हणूनच हसण्यावारी न्यावी. कौशल्य खरे आहे, तेवढे पुरे.

या आकृतींसाठीचे कोपाल झाडाचे लाकूड ओले असताना सुरीखाली लोण्यासारखे जाते, मग सुकताना तडकते. लहान आकृतीला काही आठवडे, मोठीला कित्येक महिने लागतात. भेगांत कोपालच्या चिपा, भुसा आणि गोंद भरून, घासून मग रंग देतात. घाईत सुकवलेल्या आकृतीवर रंगाखालून नवी चीर उमटते, म्हणून पाय आणि पोटाचा सांधा उजेडात निरखा. पिठासारखा भुसा गळत असेल तर आत कीड आहे. घरी आणल्यावर पिशवीत घट्ट बांधून एक-दोन आठवडे फ्रीझरमध्ये आकृती ठेवली की बहुधा कीड मरते.