टीव्हीच्या नकाशावरची रेघ कुठून आली

टीव्ही केंद्राच्या नकाशात मनोऱ्याभोवती एक वेडीवाकडी रेघ काढलेली असते. घर रेघेच्या आत असेल तर चित्र दिसणार, बाहेर असेल तर नाही, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्याच रेघेवरच्या गावात एका घरी स्वच्छ चित्र येते आणि शेजारच्या घरी नुसत्या मुंग्या. असे का होते हे समजायचे तर ती रेघ कधी आणि कशासाठी आखली गेली, हे पाहावे लागते.

सुरुवातीला रेघ नव्हतीच. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून नियमित सेवा सुरू केली. चित्र ४५ मेगाहर्ट्झवर होते आणि आवाज ४१.५ मेगाहर्ट्झवर. आसपास दुसरे केंद्र नसल्यामुळे मर्यादा होती ती फक्त क्षितिजाची. तिचा हिशेब सोपा आहे. अँटेनाची मीटरमधली उंची घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. १०० मीटरच्या मनोऱ्याला ४१ किलोमीटर आणि घरावरच्या १० मीटर उंच अँटेनाला १३, म्हणजे एकूण ५४ किलोमीटर. मनोरा ३०० मीटरचा केला तरी बेरीज ८४ च्या पुढे जात नाही. मनोऱ्याचा स्वतःचा पल्ला दुप्पट करायला उंची चौपट लागते, म्हणून जगभर केंद्रांसाठी डोंगरमाथे शोधले गेले. क्षितिजापलीकडे सिग्नल एकदम तुटत नाही, पण झपाट्याने क्षीण होतो. कमी फ्रिक्वेन्सीच्या व्हीएचएफ लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्याफार वळून पलीकडे उतरतात. यूएचएफच्या, म्हणजे त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींच्या बाबतीत डोंगराची सावली फार गडद पडते.

केंद्रे वाढली तशी खरी अडचण पुढे आली. चॅनेल मोजके होते, त्यामुळे एकच चॅनेल दोन शहरांना द्यावे लागे. अमेरिकेत अशा दोन केंद्रांमध्ये साधारण २४० किलोमीटर अंतर पुरेसे मानले होते, काही ठिकाणी तर त्याहूनही कमी ठेवले होते. हवेच्या खालच्या थरांत गरम हवा वर आणि थंड हवा खाली अशी रचना झाली की लहरी शेकडो किलोमीटर वाहत जातात, हे त्या हिशेबात नीट धरलेले नव्हते. मग दूरचे केंद्र जवळच्या केंद्राच्या चित्रात आडव्या पट्ट्या उमटवू लागले. अखेर ३० सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने नवे परवाने थांबवले. ही स्थगिती १४ एप्रिल १९५२ पर्यंत चालली.

या साडेतीन वर्षांत देशाचा मोठा भाग केंद्राविना राहिला, आणि तिथेच केबल टीव्ही रुजला. ओरेगन राज्यातल्या अ‍ॅस्टोरियात १९४८ साली सिअ‍ॅटलचे केंद्र उंच जागेवरच्या अँटेनाने पकडून तारेने घराघरांत नेले गेले. केबलचा जन्म जास्त वाहिन्यांच्या हौसेतून झाला असे अनेकांना वाटते. मुळात ती रेघेबाहेर राहिलेल्या गावांची गरज होती.

स्थगिती उठली तेव्हा एकाच चॅनेलवरच्या व्हीएचएफ केंद्रांमधले किमान अंतर प्रदेशानुसार २७४ ते ३५४ किलोमीटर ठरले आणि यूएचएफचे ७० चॅनेल खुले झाले. ‘ग्रेड बी’ ही बाहेरची हद्दही आकड्यांत बांधली गेली. त्या हद्दीवर सिग्नलची ताकद हवी ती अशी: चॅनेल २ ते ६ साठी सुमारे २२४ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, ७ ते १३ साठी ६३१ आणि यूएचएफसाठी १५८५. फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढ्याच क्षमतेचा अँटेना कमी सिग्नल गोळा करतो, केबलमध्ये गळती जास्त होते आणि तेव्हाच्या संचांचा स्वतःचा गोंगाटही यूएचएफवर अधिक होता, म्हणून आकडा चढत जातो. या हद्दीची व्याख्या मात्र नीट वाचण्यासारखी आहे: जमिनीपासून ९.१ मीटरवर अँटेना असताना, निम्म्या ठिकाणी, ९० टक्के वेळ चालण्याजोगे चित्र. म्हणजे रेघेवरच्या दोन घरांपैकी एकाला चित्र मिळणार नाही, हे रेघ आखणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. शेजाऱ्याला दिसते आणि आपल्याला नाही, याचे कारण हेच. दोन घरांत पाण्याची टाकी, झाडी किंवा जमिनीचा थोडासा उतार, एवढा फरक पुरतो.

युरोपात एका देशाचे प्रक्षेपण सहज दुसऱ्या देशात जाते, त्यामुळे चॅनेलवाटप आपसांत ठरवावे लागले. १९६१ ची स्टॉकहोम योजना ती हीच. दाटीवाटीत केंद्रे बसवण्याच्या दोन युक्त्या तेव्हा सर्रास वापरल्या जात. एक, दोन केंद्रांच्या वाहक लहरींची, म्हणजे चित्र वाहून नेणाऱ्या मूळ लहरींची फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून काही किलोहर्ट्झने सरकवायची. अमेरिकी नियमांत तेवढ्याने हव्या आणि नको त्या सिग्नलमधला आवश्यक फरक ४५ डेसिबलवरून (डेसिबल हे सिग्नलच्या ताकदीची तुलना करायचे एकक) २८ वर आला. दुसरी, लहरींच्या कंपनाची दिशा बदलायची, एका केंद्राच्या लहरी आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या. योग्य बसवलेला अँटेना एवढ्यावर नको असलेला सिग्नल १६ डेसिबलपर्यंत दाबतो. ब्रिटनमध्ये मुख्य केंद्रे बहुतेक आडवी आणि दऱ्याखोऱ्यांतली छोटी रिले केंद्रे (मुख्य केंद्राचा सिग्नल पकडून पुढे सोडणारी) बहुतेक उभी ठेवली आहेत. रिले केंद्राकडे अँटेना वळवला पण त्याच्या काड्या आडव्याच राहिल्या, ही चूक आजही होते.

काही हद्दींचा लहरींशी संबंधच नसतो. ऑस्ट्रेलियातल्या प्रादेशिक भागांत एका परवाना क्षेत्रात बहुधा एकच व्यावसायिक वाहिनी असे. १९८९ पासून पूर्वेकडची शेजारची क्षेत्रे जोडून त्यांत तीन-तीन वाहिन्यांना मुभा दिली गेली. मनोरे जुनेच असले तरी कायद्यातली सीमा सरकली. भारताने सीमा ओलांडून पाहिली ती आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांमध्ये जाळीच्या तीन मीटर डिशने थेट कार्यक्रम उतरवले गेले. डोंगराआडचे गाव आणि सपाटीवरचे गाव त्या वर्षी एका पातळीवर आले. पुढे १९८४ च्या सुमारास दूरदर्शनने उपग्रहावरून कार्यक्रम घेऊन तो गावापुरता पुन्हा सोडणारे १०० वॅटचे छोटे प्रक्षेपक देशभर उभारले.

डिजिटल प्रक्षेपणात रेघेचे स्वरूपच पालटले. पूर्वी सिग्नल घसरला की मुंग्या वाढत, पण बातम्या ऐकू येत, चेहरे ओळखू येत. अमेरिकी डिजिटल पद्धतीत सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर असेल तोवर चित्र निर्दोष असते. तो त्याखाली एखादा डेसिबल गेला की चौकोन फुटतात आणि पडदा काळा होतो. तिथल्या यूएचएफ हद्दीचा आकडा १५८५ वरून सुमारे ११२ मायक्रोव्होल्टवर आला, म्हणजे कागदावर रेघ बाहेर सरकली. पण त्या आकड्यात ९.१ मीटरवरचा, १० डेसिबल लाभाचा (एका दिशेने तेवढा जास्त सिग्नल गोळा करणारा) दिशादर्शी अँटेना आणि केबलमध्ये फक्त ४ डेसिबल गळती धरली आहे. खिडकीतल्या छोट्या अँटेनाला ही हद्द लागूच होत नाही.

म्हणून हद्दीवर काम करताना आधी गळती मोजावी. आरजी-६ केबल यूएचएफवर ३० मीटरला साधारण ६ डेसिबल खाते, म्हणजे गृहीत धरलेल्यापेक्षा जास्त. अ‍ॅम्प्लिफायर अँटेनाजवळ, खांबावरच बसवावा. टीव्हीमागे लावला तर केबलमध्ये क्षीण झालेला सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. जवळ जोरदार केंद्र असेल तर तोच अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या भाराने कोलमडतो आणि होते ते चित्रही जाते. एकाच चॅनेलवर अनेक मनोरे चालवणाऱ्या जाळ्यात आणखी एक घोळ असतो. उशिरा येणारी लहर सामावून घ्यायला सिग्नलमध्ये थोडा वेळ मोकळा सोडलेला असतो, त्याला संरक्षक अवकाश म्हणतात. २२४ मायक्रोसेकंदांच्या अशा अवकाशात लहर ६७ किलोमीटर जाते. दोन मनोऱ्यांपासूनच्या अंतरांत त्याहून जास्त फरक असेल, तर उशिरा पोचणारा सिग्नल मदत करायचे सोडून अडथळा ठरतो. तिथे ताकद वाढवून उपयोग नाही. अँटेना हव्या त्या मनोऱ्याकडे नेमका रोखण्याऐवजी थोडा बाजूला फिरवून दुसरा मनोरा त्याच्या आंधळ्या कोनात आणावा लागतो, आणि हे करताना सिग्नलच्या ताकदीची पट्टी न पाहता गुणवत्तेची पट्टी पाहावी.