ठिपका काचेवर नसतोच

माळावर दुर्बीण लावली होती. गुरू चांगला वर आला होता आणि शेजारच्या वाडीतली पोरं भोवती गोळा झाली होती. दुर्बिणीच्या नळकांड्यावर नेम धरायला एक छोटा लाल ठिपक्याचा शोधक असतो. काडेपेटीएवढं खोकं, पुढे वाकडी बसवलेली काच. त्यात डोकावून एका पोराने विचारलं, "काका, हा लेझर आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने आपला पंजा काचेपुढे धरला. पंज्यावर काहीच पडलं नाही. मग त्याने डोकं डावी-उजवीकडे हलवलं. ठिपका काचेवरून सरकत गेला, पण गुरूला चिकटून राहिला. "हा तर आकाशात आहे!" पोरगं म्हणालं.

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

हाच ठिपका आज पिस्तुलांवर आणि रायफलींवर दिसतो. सिनेमात लेझरचा लाल टिळा माणसाच्या छातीवर फिरतो, त्यामुळे बहुतेकांना दोन्ही एकच वाटतं. पण लेझर लक्ष्यावर उजेड टाकतो; रेड डॉट साइटमधून, म्हणजे बंदुकीवरच्या या लाल ठिपक्याच्या नेमयंत्रातून, लक्ष्यावर काहीच जात नाही. तो उजेड मागे, नेमबाजाच्या डोळ्याकडे येतो.

ही युक्ती काढणारा माणूस मुळात दुर्बिणी बनवणारा होता, हे मला फार आवडतं. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब. त्यांनी १९०० साली या साइटचं पेटंट घेतलं. त्याच ग्रबच्या कारखान्यातली २० इंची परावर्ती दुर्बीण त्याआधीच पुण्यात पोचली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात, खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नेगामवाला त्या दुर्बिणीवर काम करत. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

ग्रबची युक्ती समजायला रात्रीची एसटी पुरते. आतला दिवा लागलेला असतो, बाहेर अंधार, आणि खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या शेतांवर तरंगताना दिसतो. काचेपासून आपण जितके अलीकडे, तितकाच तो चेहरा पलीकडे. आता ही काच सपाट न ठेवता किंचित अंतर्वक्र करा आणि तिच्या नाभीपाशी, म्हणजे फोकसपाशी, एक बारीक दिवा ठेवा. परतणारे किरण एकमेकांना समांतर होतात. समांतर किरण डोळ्यात शिरले की मेंदूला वाटतं, ते फार लांबून येताहेत. दिवा बोटभर अंतरावर, त्याची प्रतिमा मात्र अनंतावर. गाडीतून जाताना चांदोबा आपल्याबरोबर धावतो, तेच इथे घडतं. चंद्र इतका लांब आहे की आपण चार पावलं सरकलो तरी त्याची दिशा बदलत नाही. ठिपकाही तसाच. डोकं हलवा, त्याची दिशा हलत नाही.

आजच्या साइटमध्ये तो दिवा म्हणजे एलईडी. काचेवर धातूच्या ऑक्साइडांचे इतके पातळ थर असतात की ते एलईडीचा लाल रंग तेवढा परतवतात आणि बाकीचे रंग जाऊ देतात. म्हणून अशा काचेतून पांढरी भिंत जरा निळसर-हिरवट दिसते. एलईडी वापरणारी पहिली साइट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली आणली. त्याआधी पुढून बंद असलेली सिंगलपॉइंट नावाची एक साइट होती. एका डोळ्याला काळोखातला ठिपका, दुसऱ्याला लक्ष्य. दोन्ही चित्रं मेंदूने जुळवायची. १९७० च्या नोव्हेंबरात अमेरिकन सैनिकांनी उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय तुरुंगावर रात्री छापा घातला, तो याच साइट लावून. (नेम उत्तम होता, कैद्यांना मात्र तिथून आधीच हलवलेलं होतं.)

मग साध्या साइटमध्ये काय वाईट होतं? बंदुकीच्या टोकाला माशी नावाचा बारीक खुंट असतो, मागे खाच. खाच, माशी आणि लक्ष्य, तिन्ही एका रेषेत आणायचं. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो. विशीतला डोळा झटपट पुढेमागे करून वेळ मारून नेतो. पंचेचाळिशी उलटलेल्याला, वर्तमानपत्र लांब धरून वाचणाऱ्याला, माशी म्हणजे नुसता धुरकट खुंट दिसतो. ठिपका अनंतावर असल्यामुळे लक्ष्याकडे बघितलं की तोही आपोआप स्पष्ट होतो. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. या साइटचा खरा फायदा एवढाच, आणि तो मोठा आहे.

साइट निवडताना पहिला आकडा भेटतो तो एमओएचा, म्हणजे 'मिनिट ऑफ अँगल'चा. घाबरायचं कारण नाही, आपण तो पत्रिकेत रोज बघतो. 'गुरू १२ अंश २४ कला' यातली कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, तोच हा एमओए. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कलांचा. १०० मीटरवर एक कला म्हणजे २.९ सेंटिमीटर. बाजारात २ पासून ६ कलांपर्यंतचे ठिपके सहज मिळतात. मोठा ठिपका डोळ्याला चटकन सापडतो, पण लक्ष्यही तेवढंच झाकतो. ६ कलांचा ठिपका २५ मीटरवर सुमारे साडेचार सेंटिमीटर जागा अडवतो. पिस्तुलाला चालेल, रायफलीने लांबचं काही टिपायचं असेल तर २ कलांचा बरा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्या अंतरावर २ कला म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर! ऑलिम्पिकच्या रायफल-पिस्तूल प्रकारांत अशा साइटला परवानगीच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, ते बारीक गोल छिद्राच्या पीप साइटमधून बघून. लाल ठिपका हे घाईचं हत्यार आहे, केस चिरण्याचं नव्हे.

विकत घेण्याआधी स्वतःचा डोळा तपासा, हे मी अनुभवाने सांगतो. माझा शोधक नवा होता तेव्हा त्यातला ठिपका मला शेपटीच्या मिरचीसारखा दिसे. दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होतो. मग सहज मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं, तर गोल गरगरीत ठिपका. दोष माझ्या डोळ्यातल्या सिलिंड्रिकल नंबरचा. आणखी एक सोपी परीक्षा आहे. साइट सुटी हातात घेऊन, तिच्यातून बघत, हळूहळू फिरवायची. शेपूटही तिच्याबरोबर फिरली तर साइटचा दोष, शेपूट जागेवर राहिली तर तुमचा. नंबरचा चष्मा लावा, उजेड कमी करा, फरक पडतो. तरीही भागलं नाही, तर प्रिझम साइट बघा. तिच्यात खूण काचेवरच कोरलेली असते आणि डोळ्याप्रमाणे फोकस करता येते.

जाहिरातीत 'पॅरॅलॅक्स-फ्री', म्हणजे डोळा हलला तरी नेम न हलणारी, असं ठसठशीत लिहिलेलं असतं. ते अर्धसत्य आहे. ठिपक्याची दिशा बदलत नाही हे खरं, पण डोळा काचेच्या कडेला गेला की नजरेची रेषा स्वतःशीच समांतर राहून तेवढी बाजूला सरकते. काच दोन सेंटिमीटरची असेल तर चूक जास्तीत जास्त एक सेंटिमीटर, मग लक्ष्य १० मीटरवर असो की १०० वर. लांबच्या पत्र्याच्या टार्गेटवर ती जाणवणारही नाही. जवळच्या कागदावर जाणवते, म्हणून तिथे ठिपका काचेच्या मध्यावर आणण्याची सवय बरी.

आता साइट जुळवणं, म्हणजे झिरो करणं. इथे दुर्बीणवाले आणि बंदूकवाले एकाच खड्ड्यात पडतात. मी एकदा दिवसाउजेडी तीस मीटरवरच्या विजेच्या खांबावर शोधक जुळवला. ठिपका आणि दुर्बीण दोघंही खांबावरच्या त्याच चिनी मातीच्या इन्सुलेटरवर. रात्री ठिपका गुरूवर ठेवला, तर दुर्बिणीत गुरू गायब. शोधक नळीच्या मध्यापासून १२ सेंटिमीटर वर होता. तीस मीटरवर दोन रेषा एकत्र आणल्या, की त्यांच्यात जवळजवळ १४ कलांचा कोन पडतो. अर्धा चंद्र! आता मी क्षितिजावरच्या मोबाइल टॉवरवर जुळवतो.

बंदुकीला अनंताची सोय नाही, एक अंतर ठरवावंच लागतं. साइट नळीच्या वर बसते, काही रायफलींवर सहा-साडेसहा सेंटिमीटर. गोळी नजरेच्या रेषेखालून निघते, वर येऊन तिला छेदते, आणि पुढे गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खाली येते. ५० मीटरवर झिरो केलेली अशी रायफल १० मीटरवर सुमारे पाच सेंटिमीटर खाली मारते. साइट बिघडलेली नसते, भूमिती तशीच आहे.

रेंजवर, उस्तादांच्या देखरेखीखाली, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन ते पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून मारायच्या. प्रत्येक भोकामागे स्क्रू फिरवत धावायचं नाही. सगळ्या भोकांचा मध्य बघायचा. साइटच्या जुळवणीच्या स्क्रूची एक टिकटिक एका कलेची असेल, तर २५ मीटरवर ती ७ मिलिमीटर सरकवते. मध्य साडेतीन सेंटिमीटर डावीकडे पडला तर उजवीकडे पाच टिकटिक. नवख्याचा गोंधळ होतो तो असा: फटके उजवीकडे न्यायचे तर काचेतला ठिपका डावीकडे जातो. बरोबरच आहे. तो पुन्हा लक्ष्यावर आणायला तुम्ही नळी उजवीकडे वळवता.

त्याआधी माउंटचे, म्हणजे साइट बंदुकीवर बसवणाऱ्या पट्टीचे, स्क्रू सांगितलेल्या ताकदीने आवळलेले हवेत. ढिल्या माउंटवर झिरो करणं म्हणजे हलत्या खुर्चीवर उभं राहून भिंतीवरची चौकट सरळ करणं. आवळून झालं की स्क्रू आणि माउंटवरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारतात. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.

उजेडाची मात्रा लक्ष्याकडे बघून ठरवायची, टेबलाकडे बघून नाही. ठिपका जेमतेम उठून दिसला पाहिजे. जास्त प्रखर केला की तो फुलतो, किरणं फुटतात, आणि २ कलांचे पैसे देऊन तुम्ही ६ कलांचा ठिपका वापरता.

आणि बॅटरी. चांगल्या साइटवर एका सीआर-२०३२ बटण सेलमध्ये ५०,००० तासांचा दावा असतो, म्हणजे साडेपाच वर्षांहून जास्त. त्या सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात; भागाकार केला तर साडेचार मायक्रोअँपिअरही लागत नाहीत. माझ्या शोधकाला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. रात्री बटण बंद करायला विसरलो की सकाळी सेल मेलेला, म्हणून दुर्बिणीच्या पेटीत आता दोन सुटे सेल चिकटपट्टीने लावून ठेवलेत.