गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी: नमुना ‘अपुरा’ म्हणून परत का येतो

शिबिरात पॅप तपासणी झाली, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून प्रयोगशाळेत पाठवल्या, काही आठवड्यांनी कागद आला आणि त्यावर शेरा ‘अनसॅटिस्फॅक्टरी’, म्हणजे नमुना अपुरा. घरात याचे दोनच अर्थ निघतात: बाईला कॅन्सर आहे, नाहीतर बाईला काही नाही. दोन्ही चूक. पेशी पसरलेल्या काचेवर, म्हणजे स्लाइडवर, वाचण्याजोगं काही मिळालं नाही, एवढंच प्रयोगशाळा सांगते. म्हणजे तपासणी झालीच नाही असं धरायचं आणि २ ते ४ महिन्यांत नमुना पुन्हा द्यायचा. ‘आता ५ वर्षांनी या’ हे अहवाल स्वच्छ आलेल्या बाईसाठी असतं. अपुरा नमुना असलेल्या बाईलाही तेच सांगून वाटेला लावतात, तिथे सगळं फिसकटतं.

राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वर्षांच्या बायांसाठी आहे, त्रास असो वा नसो. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, पुढे उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलावतात. तिथे बहुधा ॲसिटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबतात आणि डोळ्यांनी पाहतात. त्यात नमुना घेत नाहीत, निकाल तिथेच कळतो. पॅप किंवा एचपीव्हीचा (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा शोध) नमुना मात्र प्रयोगशाळेत जातो. खालचं सगळं मुख्यतः पॅपबद्दल आहे.

कागद थोडेच: आधार, मोबाईल नंबर, आभा (सरकारी आरोग्य ओळख) कार्ड असेल तर ते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरलाही पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत. संबंधानंतर रक्त जातं, किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसलं, अशा बाईने शिबिराची वाट पाहू नये. तिने थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं.

खरा अडणारा कागद म्हणजे ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. ‘पिशवी काढली’ असं सांगणाऱ्या बाया गावोगाव भेटतात, पण नेमकं काय काढलं याचा कागद फार थोड्यांकडे असतो. पिशवी काढून तोंड ठेवलं असेल तर तपासणी लागते. तोंडासकट सगळं काढलं असेल आणि कारण साधं असेल, म्हणजे गाठी किंवा जास्त रक्तस्राव, आणि आधीच्या तपासणीत कधी दोष निघाला नसेल, तर लागत नाही. कॅन्सरपूर्व बदलांसाठी काढली असेल तर तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. कार्ड नाही म्हणून बाईला परत धाडणं हा शुद्ध आळस आहे. स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहायचं साधन) घालून पाहिलं की तोंड आहे की नाही ते तिथेच दिसतं. फक्त ते फॉर्मवर लिहा. नाहीतर प्रयोगशाळा तोंडाच्या पेशी शोधत बसते आणि त्या सापडणारच नसतात.

दुसरी गोची तारखेची. फॉर्मवर ‘शेवटची पाळी’ म्हणजे पाळी सुरू झाली तो पहिला दिवस. बाया बहुतेकदा डोक्यावरून पाणी घेतलं तो दिवस सांगतात. तारीख आठवत नसेल तर तान्हा पोळा, हाटाचा दिवस असं काही विचारून कॅलेंडरवर बोट ठेवा. पहिल्या दिवसापासून १० ते २० दिवस हा नमुन्यासाठी चांगला काळ. पाळी चालू असताना नको: पाऊणहून जास्त पेशी रक्ताखाली किंवा पुवाखाली झाकल्या गेल्या की स्लाइड बाद. आदले दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, आतून धुणं, तिन्ही बंद. हे शिबिराच्या सकाळी सांगून काय उपयोग? निरोप तीन दिवस आधी गेला पाहिजे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर संध्याकाळी, बाई वावरातून घरी आल्यावर.

तिसरी गोष्ट नावाची. आधारवर एक नाव, फॉर्मवर दुसरं, आशाताईंच्या वहीत माहेरचं. स्लाइडच्या खरखरीत टोकावर नाव आणि क्रमांक पेन्सिलीने लिहायचा, नमुना घेण्याआधी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते. मग बिननावाच्या स्लाइड कोणाच्या हे कोणीच सांगू शकत नाही आणि प्रयोगशाळा त्या घेत नाही. त्यात प्रयोगशाळेची चूक काहीच नाही.

आता टेबलावरचं काम. स्पेक्युलमला जेली माखू नका, कोमट पाणी पुरतं. तोंड पूर्ण दिसल्याशिवाय स्पॅट्युला, म्हणजे पेशी खरवडायची चपटी काडी, लावू नका. लाकडी स्पॅट्युलाचं लांब टोक तोंडात टेकवून पूर्ण एक फेरा, आतला ब्रश फक्त पाव ते अर्धा फेरा. जास्त फिरवला की रक्त येतं. गरोदर बाईला हा ब्रश वापरत नाहीत. ॲसिटिक ॲसिडची तपासणीही करायची असेल तर आधी नमुना, मग ॲसिड.

स्लाइडवर एकाच हाताने, एका दिशेने, पातळ पसरा. गोल घासलं की पेशी चिरडतात. आणि लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. लगेच म्हणजे काही सेकंदांत. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, खोलीत पंखा किंवा कूलर चालू असतो आणि बरणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर पोचेपर्यंत स्लाइड वाळलेली. वाळलेल्या पेशी फुगतात, त्यांचा गाभा (केंद्रक) पुसट होतो, वाचणाऱ्याला काही ठरवता येत नाही. म्हणून झाकण उघडलेली बरणी उजव्या हाताशी ठेवा, नमुना घेताना पंखा बंद. स्लाइड निदान २० मिनिटं बुडालेली राहू द्या, एकमेकींना चिकटू देऊ नका. अल्कोहोल उडतं, म्हणून झाकण घट्ट आणि द्रव रोज बदला. बुडवण्याऐवजी स्प्रे असेल तर तो वीतभर अंतरावरून मारा.

पाळी गेलेल्या बायांत तोंड आक्रसतं, पेशी कमी येतात. त्यांचा नमुना अपुरा आला तर डॉक्टर काही दिवस इस्ट्रोजेनचं मलम देऊन पुन्हा घेतात. ‘वय झालं, राहू द्या’ हे उत्तर नाही. अहवालात ‘सामान्य, पण आतल्या भागाच्या पेशी दिसल्या नाहीत’ असं असेल तर मात्र नमुना बाद नसतो. तो अहवाल धरला जातो.

फॉर्मवर मोबाईल कोणाचा लिहिलाय ते पाहा. पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा नंबर असेल तर ‘पुन्हा या’ हा निरोप त्याच्याकडेच राहतो, आईपर्यंत येत नाही. तिथे आशाताईंचा नंबरही लिहा, आणि शिबिरातून निघताना नोंद क्रमांक कागदावर लिहून बाईच्या हातात द्या.