चौदा वर्षांचा हिशोब: जन्मठेप आपली आणि बाहेरची

जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणींची फाशी रद्द करून जन्मठेप केली तेव्हा कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर एकच बोलणं, आता काय, चौदा वर्षांत बाहेर. पण त्या दोघी १९९६ पासून आतच होत्या, म्हणजे चौदा सोडा, पंचवीस वर्षं तेव्हाच झालेली. इथल्याच सेशन्स कोर्टानं २००१ ला फाशी दिली, २००६ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि त्या अर्जाच्या फायली सरकारदरबारी वर्षानुवर्षं रखडल्या म्हणून शेवटी फाशी गेली. 'मग आता सोडूनच द्या' हे मात्र कोर्टानं ऐकलं नाही. तर चौदाचा आकडा आला कुठून? (दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणून चौदाचे सात होतात, असं ठासून सांगणारे पण लई भेटतात. असलं काही कुठल्याच कायद्यात नाही.)

हा आकडा १८६० चा आहे, इंग्रजांच्या इंडियन पीनल कोडमधला. तेव्हा आजच्या अर्थानं जन्मठेप नव्हतीच, होतं ते काळं पाणी, समुद्रापलीकडं नेऊन टाकायचं. अंदमानची वसाहत १८५८ ला सुरू झाली, सेल्युलर जेल तर त्याच्या बऱ्याच नंतर, १९०६ ला बांधून झालं. वासुदेव बळवंत फडक्यांना तर एडनला नेलं आणि ते तिथंच १८८३ ला गेले. आपल्या कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना १८५७ च्या उठावानंतर कराचीला नेऊन ठेवलं, ते पण परत आले नाहीत, आज इथल्या सीपीआर दवाखान्याजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे आणि रोज तिथनं जाणाऱ्या निम्म्या लोकांना ते कोण हे माहीत नसतंय. तर त्या पीनल कोडच्या कलम ५५ मध्ये लिहिलेलं की सरकारला वाटलं तर जन्माच्या काळ्या पाण्याऐवजी जास्तीत जास्त चौदा वर्षांची कैद करता येईल. जास्तीत जास्त, हे लक्षात ठेवा. आणि कलम ५७ मध्ये, शिक्षेचा अर्धा किंवा चौथा हिस्सा काढायची वेळ आली तर जन्मठेप वीस वर्षांची धरायची, फक्त त्या गणितापुरती. चौदा आणि वीस हे दोन्ही आकडे तिथनं सुटले आणि लोकांच्या तोंडी बसले ते बसलेच.

अंदमानात पण सगळे मरेपर्यंत कोठडीत नसायचे. बरीच वर्षं नीट वागणाऱ्याला बेटावरच शेती करायची, घर करायची परवानगी मिळायची. ती द्यायची का नाही हे ठरवणार साहेब, कोर्ट नाही. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. शिक्षा न्यायाधीश देणार आणि दार उघडायचं का नाही ते सरकार ठरवणार, ही वाटणी इंग्रज करून गेले आणि आपण ती तशीच चालवली.

१९५५ ला कायदा बदलून काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आली. १९६१ ला गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे सुप्रीम कोर्टात गेले, माफीचे दिवस धरून माझी वीस वर्षं भरली, सोडा म्हणून. कोर्टानं स्वच्छ सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, माफी द्यायची तर सरकारनं द्यावी. आणि १९६४ ला सरकारनं सोडलं! त्या काळात माफीचे दिवस असे वाटले जायचे की काही खुनी पाच-सहा वर्षांत घरी यायचे, म्हणून १९७८ ला क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये ४३३-अ कलम घातलं, की ज्या गुन्ह्याला फाशी पण होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल तर निदान चौदा वर्षं आत काढलीच पाहिजेत. म्हणजे बघा, १८६० ला जो आकडा कमाल होता तोच १९७८ ला किमान झाला, आणि लोकांनी अर्थ काय घेतला तर चौदा झाली की सुटका. चौदानंतर फक्त फाईल उघडते. त्यात गुन्हा कसला, वागणूक कशी, पोलिसांचं मत काय असलं सगळं बघून महाराष्ट्रात काहींना वीस, काहींना त्याच्याही पुढं थांबावं लागतं. २००८ पासून तर सुप्रीम कोर्ट काही खटल्यांत स्वतःच सांगतंय की एवढी वर्षं, किंवा मरेपर्यंत, माफीच द्यायची नाही.

आता बाहेर बघू. पोर्तुगालनं जन्मठेप १८८४ लाच काढून टाकली, तिथं जास्तीत जास्त २५ वर्षं. याची झळ आपल्याला बसली अबू सालेमच्या वेळी. २००५ ला त्याला भारतात आणायचं तर भारताला लिहून द्यावं लागलं की फाशी नाही आणि २५ वर्षांच्या वर कैद नाही. इथल्या टाडा कोर्टानं जन्मठेप दिली तरी २०२२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की देशानं दिलेला शब्द पाळावाच लागेल. हे पटत नाही असं म्हणणारे बरेच भेटतील आणि त्यांचा राग समजतो, १९९३ चे मुंबईचे बॉम्बस्फोट विसरण्यासारखे नाहीत. पण त्याच स्फोटांच्या खटल्यात जन्मठेप झालेला दुसरा एक कैदी आपल्या कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये होता, जून २०२४ मध्ये आंघोळीवरनं भांडण झालं आणि दुसऱ्या कैद्यांनी त्याला तिथंच मारून टाकलं. स्फोट तेच, एकाला पोर्तुगालच्या कायद्याचं कवच, दुसऱ्याचा जीव आंघोळीच्या जागेवर गेला. कोर्टाच्या कागदावर दोघांची शिक्षा जन्मठेपच.

जर्मनीत १९७७ ला तिथल्या घटना कोर्टानं ठरवलं की जन्मठेप चालेल, पण कैद्याला कधीतरी बाहेर पडायची खरीखुरी आशा पाहिजे आणि ती फक्त सरकारच्या दयेवर ठेवून चालणार नाही. मग कायदा आला, १५ वर्षांनी कोर्ट स्वतः बघणार. हाच धागा पुढं युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं २०१३ ला ब्रिटनच्या एका केसमध्ये ओढला. नॉर्वेत जन्मठेप १९८१ पासून नाही, बहुतेक गुन्ह्यांना २१ वर्षं ही हद्द. लगेच कुणीतरी म्हणणार, मग तो ७७ माणसं मारणारा ब्रेविक एकवीस वर्षांनी मोकळा? तसं नाही. त्याला २०१२ ला दिलेली शिक्षा वेगळ्या प्रकारची आहे, मुदत संपली तरी माणूस धोकादायक वाटला तर कोर्ट पाच-पाच वर्षं वाढवत नेऊ शकतं, लागलं तर मरेपर्यंत. म्हणजे मऊ वाटणाऱ्या देशात पण दार कायमचं बंद राहू शकतं, फरक एवढाच की दर खेपेला न्यायाधीशासमोर कारण द्यावं लागतं.

अमेरिका याच्या बरोबर उलट. तिथं पूर्वी पॅरोल बोर्ड बसून माणसं सोडायचं (तिथला पॅरोल म्हणजे आपल्यासारखी रजा नाही, मुदतीआधी अटींवर सुटका), मग १९७० नंतर हवा फिरली आणि १९८४ च्या कायद्यानं केंद्राच्या जेलमधला पॅरोलच बंद केला. आज तिथं दोन लाखांच्या आसपास लोक जन्मठेपेत आहेत आणि त्यातल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांना पॅरोलची सोयच नाही. २६/११ चा हेडली घ्या, गुन्हा कबूल करून फाशी आणि भारतात पाठवणी दोन्ही चुकवली, आणि २०१३ ला ३५ वर्षं मिळाली. जपानमध्ये कागदावर दहा वर्षांनी पॅरोल मागता येतो, प्रत्यक्षात तीस वर्षांच्या आत क्वचितच कुणी सुटतं.

आतल्या परिस्थितीचं म्हणाल तर नॉर्वेचं हाल्डेन जेल, २०१० ला उघडलं, खिडक्यांना गज नाहीत, ज्याची त्याची स्वतंत्र खोली, याचे फोटो बघून आपल्याकडं लोक हसतात. आपल्याकडं २०२२ च्या सरकारी आकडेवारीत १०० जणांच्या जागेत १३१ माणसं होती आणि दर चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. विजय मल्ल्याच्या केसमध्ये लंडनच्या कोर्टानं २०१८ ला आर्थर रोडच्या १२ नंबर बरॅकचा व्हिडिओ मागितला, उजेड येतो का बघायला, आणि सरकारनं तो तत्परतेनं दिला पण! तीच तत्परता बाकीच्या बरॅकींच्या वाट्याला येत नाही. आपला तुरुंगाचा मूळ कायदा १८९४ चा, कितीतरी राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये जातीवरनं कामं वाटायचे नियम पडून होते, ते सुप्रीम कोर्टानं रद्द केले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. होय, २०२४.

असं पण नाही की आपल्याकडं कुणाला काही सुचलंच नाही. इथनं फार लांब नाही, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसाच्या कल्पनेवरनं १९३९ ला तिथं उघडी वसाहत काढली, खुनाची शिक्षा झालेले कैदी बायकापोरांसह राहायचे, शेती करायचे, भोवती भिंत नाही. आपल्या कोल्हापूरच्याच व्ही. शांतारामांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला तो यावरनंच. नॉर्वेचे फोटो बघून हसणाऱ्यांनी एकदा आटपाडीला जाऊन यावं. वसाहत सरकारनं पुढं चालू ठेवली पण जागा थोड्याच जणांना, तीही बरीच वर्षं नीट वागून काढल्यावर.

कळंब्याचं नाव बहुतेकांना अंबाबाईच्या प्रसादाच्या लाडवांमुळं माहीत, ते लाडू आतले कैदी वळायचे. तिथल्या जन्मठेपवाल्याला कागदावर दोन सुट्ट्या मिळू शकतात, संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, दोन्हीचे मूळ नियम १९५९ चे. रजा नाकारली किंवा चौदा वर्षांनंतरची फाईल अडली की हायकोर्ट, आणि त्यासाठी आजवर मुंबई गाठावी लागायची, वकिलाचा खर्च वेगळा आणि घरच्यांच्या खेपा वेगळ्या. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसायला लागलंय, त्यामुळं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे असले अर्ज आता इथंच. सोडायचं का नाही ही सही मात्र अजून मंत्रालयातच होते.