टू-स्ट्रोकचा अस्त आणि सेंटर कन्सोल बोटी: इंजिनाच्या निवडीमागची पार्श्वभूमी

खोल समुद्रात गरवायला जाण्यासाठी सेंटर कन्सोल बोट (सुकाणूचे चाक मधोमध आणि चहूबाजूंनी मोकळी जागा असलेली बोट) घेणाऱ्याला आज काही ठरावीक प्रश्न पडतात. इंजिन एक असावे की दोन, अश्वशक्ती किती हवी, ट्रान्सम (इंजिन जिच्यावर टांगतात ती बोटीची मागची भिंत) किती उंच हवा आणि जुन्या बोटीवर नवे इंजिन चढवावे की नाही, हे ते प्रश्न होत. यांतले बहुतेक १९९६ ते २००७ या काळात घडलेल्या बदलांतून आलेले आहेत. ही टीप मुख्यतः त्याच काळाविषयी आहे आणि ती अमेरिकेचा पूर्व किनारा व मेक्सिकोचे आखात एवढ्यापुरती मर्यादित आहे, कारण बोटीचा हा प्रकार तिथेच रुजला आणि तिच्यावरची इंजिने ज्या नियमाने बदलली तो नियमही तिथलाच आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेले पहिले आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचे इंजिन, १९०९ मध्ये मिलवॉकीत तयार झाले आणि त्याची ताकद जेमतेम दीड अश्वशक्ती होती. पुढची पन्नास वर्षे आउटबोर्ड हे प्रामुख्याने तळ्यातले आणि खाडीतले यंत्र राहिले. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये फायबरच्या दोन कवचांमध्ये फोम भरून केलेली, अर्धी कापली तरी न बुडणारी छोटी बोट बाजारात आली. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात मागपर्यंत खोल ‘व्ही’ आकाराचा तळ असलेल्या बोटीने बाजी मारली, आणि उथळ तळाची बोट लाटेवर आपटते तिथे सुमारे २४ अंशांचा तळ लाट कापत जातो हे सर्वांना दिसले. या दोन्ही कल्पना पुढे एकत्र आल्या. सुकाणूचे चाक मधोमध ठेवले आणि चारही बाजूंनी चालायला जागा मोकळी सोडली, म्हणजे गळाला लागलेला मासा नाळेपासून पिछाडीपर्यंत कुठेही पळाला तरी गरी धरणाऱ्याला त्याच्या मागे जाता येते. सेंटर कन्सोलचे सगळे तंत्र या एका गरजेतून आले आहे. १९७६ मध्ये १७५ आणि २०० अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दर दोन धावांत एकदा इंधन जाळणारी) इंजिने आली, तेव्हा अशा बोटी किनाऱ्यापासून दूर जाऊ लागल्या. सुरमईच्याच कुळातला किंगफिश आणि टूना यांच्यामागे पंचवीस-तीस सागरी मैल जाऊन संध्याकाळी परत येणे खासगी बोटवाल्याला त्यानंतर शक्य झाले.

खरा वाद सुरू होतो तो १९९६ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने नव्या आउटबोर्ड इंजिनांच्या धुरासंबंधी नियम जाहीर केला. १९९८ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने सुरुवात करून २००६ पर्यंत हायड्रोकार्बनचे, म्हणजे धुरातून न जळता बाहेर पडणाऱ्या इंधनाचे, उत्सर्जन सुमारे ७५ टक्क्यांनी खाली आणायचे, असे त्याचे स्वरूप होते. ‘सरकारने टू-स्ट्रोकवर बंदी घातली’ असे या नियमाविषयी आजही सर्रास बोलले जाते, आणि जुनी बोट विकणारे तर हमखास बोलतात. हे विधान चुकीचे आहे, आणि त्या चुकीमुळे पुढच्या सगळ्या घडामोडींचा अर्थ उलटा लागतो. नियमाने कोणत्याही तंत्राचे नाव घेतले नव्हते. त्याने फक्त उत्सर्जनाचा आकडा दिला होता आणि तो कसा गाठायचा हे कंपन्यांवर सोडले होते. शिवाय तो आकडा प्रत्येक इंजिनाला स्वतंत्रपणे लागू नव्हता. कंपनीने विकलेल्या सर्व इंजिनांची सरासरी धरली जाई, स्वच्छ इंजिनांतून मिळालेली सवलत पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येई आणि दुसऱ्या कंपनीला देताही येई. म्हणूनच कार्ब्युरेटरची (पेट्रोल सिलिंडरबाहेरच हवेत मिसळणारी जुन्या पद्धतीची) टू-स्ट्रोक इंजिने नियम आल्यानंतरही कित्येक वर्षे राजरोस विकली गेली, आणि १९९९ किंवा २००३ सालच्या बोटीवर तसे इंजिन दिसले तर त्यात बेकायदा काही नसते. वापरात असलेल्या जुन्या इंजिनांना या नियमाने हातही लावला नाही. ज्या बंदीची लोकांना आठवण असते ती बहुधा कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहोसारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयांवर स्थानिक पातळीवर घातलेली होती, आणि तिचा समुद्राशी संबंध नव्हता.

सरासरीची ही सवलत योग्य होती का, यावर तेव्हाही एकमत नव्हते. कॅलिफोर्नियाने तर वाट न पाहता १९९८ मध्येच स्वतःचा नियम केला. केंद्राची २००६ ची पातळी तिथे २००१ पासूनच लागू झाली, आणि २००४ व २००८ साठी त्याहून कडक टप्पे ठरले. इंजिनाच्या टपावर दिसणारे एक, दोन किंवा तीन ताऱ्यांचे लेबल तिथूनच आले. प्रस्तुत लेखकाच्या मते केंद्राने दिलेला आठ-नऊ वर्षांचा अवधी मुळीच जास्त नव्हता. समुद्रात चाळीस मैल आत बंद पडलेले इंजिन हा जिवाशी खेळ असतो, आणि घाईने बाजारात आणलेल्या तंत्राची किंमत कोण मोजतो हे पुढच्या दोन-तीन वर्षांतच दिसले.

जुन्या टू-स्ट्रोकचा दोष त्याच्या मूळ रचनेतच होता. सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण आत येते त्याच वेळी धुराचा मार्गही उघडा असतो, त्यामुळे पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक पेट्रोल न जळताच तेलासकट पाण्यात जाते. यावर दोन उपाय होते. एक म्हणजे मोटारगाडीसारखे झडपांचे फोर-स्ट्रोक इंजिन करणे. दुसरा म्हणजे टू-स्ट्रोक कायम ठेवून, धुराचा मार्ग बंद झाल्यावर मगच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणे. अमेरिकी कंपन्यांनी मोठ्या इंजिनांसाठी दुसरा मार्ग धरला, कारण अश्वशक्तीच्या मानाने वजन कमी ठेवणे हे टू-स्ट्रोकचे मोठे बळ होते. एकीने हवेच्या दाबाची मदत घेणारी पद्धत आणली. दुसरीने जर्मन मूळ असलेली, विद्युतचुंबकीय धक्क्याने पेट्रोल फवारणारी पद्धत १९९७ च्या सुमारास १५० अश्वशक्तीच्या इंजिनावर बसवली. या दुसऱ्या पद्धतीच्या सुरुवातीच्या इंजिनांत मधल्या वेगावर, म्हणजे नेमके गळ ओढत संथ चालताना, ज्वलन नीट होईना. प्लग काळे पडत, कार्बन साचे आणि शेवटी पिस्टन जाई. त्या कंपनीने डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिच्यावर कर्जाचा बोजाही होता, तेव्हा सगळे खापर एका इंजिनावर फोडणे न्याय्य नाही. पण गिऱ्हाइकांच्या मनात थेट फवारणीचे टू-स्ट्रोक बदनाम झाले ते कायमचेच.

याच ठिकाणी इतिहास थोडा अन्यायकारक झाला असे म्हणावेसे वाटते. दिवाळखोरीनंतर तो उद्योग कॅनडातल्या एका समूहाने घेतला आणि २००३ मध्ये त्याच तत्त्वावरचे, पण मुळापासून नव्याने बांधलेले टू-स्ट्रोक बाजारात आणले. ते उत्सर्जनाच्या कसोटीला उतरले, पर्यावरण खात्याकडूनच त्याचा पुरस्काराने गौरव झाला, आणि सर्वसाधारण वापरात तीन वर्षे नेमून दिलेली देखभाल लागणार नाही असा दावा कंपनीने केला. हलके, तळापासून जोर देणारे आणि कमी सुट्या भागांचे हे इंजिन जड लाटेतून बोट वर काढायला उत्तम होते. तरीही बहुसंख्य बोट बांधणारे तोवर फोर-स्ट्रोककडे वळले होते आणि मे २०२० मध्ये त्या इंजिनांचे उत्पादन थांबवण्यात आले. टू-स्ट्रोक कायद्याने संपवले असे म्हणण्यापेक्षा, पहिल्या पिढीने गमावलेला विश्वास दुसऱ्या पिढीला परत मिळवता आला नाही असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

फोर-स्ट्रोकचा मार्ग मुख्यतः जपानी कंपन्यांनी चालवला. छोटी फोर-स्ट्रोक त्यांनी १९६० च्या दशकापासूनच बनवली होती, पण खोल समुद्राच्या बोटीला पुरेल असे २२५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे इंजिन २००१-०२ च्या सुमारास आले. धूर नाही, तेल मिसळायचे नाही, चालू इंजिनाजवळ उभे राहून साध्या आवाजात बोलता येते आणि पेट्रोलची बचत भरघोस, असा त्याचा लौकिक झाला, आणि तो खरा होता. मात्र या इंजिनाचे वजन सुमारे २६५ किलो होते आणि ज्याच्या जागी ते बसत होते ते जुने टू-स्ट्रोक दोनशे किलोच्या आतबाहेर होते. दोन इंजिने असली की बोटीच्या अगदी शेवटच्या टोकावर सव्वाशे ते दीडशे किलोंची भर पडे. कोकणातल्या मोठ्या मासेमारी नौकेचे डिझेल इंजिन पोटात, खाली बसवलेले असते, त्यामुळे तिकडच्या वाचकाला हा प्रश्न प्रथमदर्शनी अनोळखी वाटेल. आउटबोर्डचे सगळे वजन तळाच्याही मागे, ट्रान्समवर लटकत असते.

याचा परिणाम जुन्या बोटीवर आजही डोळ्यांनी पाहता येतो. सेंटर कन्सोलचे डेक आपोआप निचरा होणारे असते, म्हणजे डेकवर आलेले पाणी मागच्या कोपऱ्यांतल्या भोकांतून समुद्रात जाते. त्यासाठी डेक पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावे लागते. १९९० च्या दशकातली बोट हलक्या टू-स्ट्रोकचे गणित मांडून बांधलेली असते. तिच्यावर दोन जड फोर-स्ट्रोक चढवले, पेट्रोलची टाकी भरली, जिवंत आमिषाच्या टाकीत दीडशे लिटर पाणी घेतले आणि दोन माणसे मागच्या कोपऱ्यात मासा वर घ्यायला उभी राहिली, की त्याच भोकांतून पाणी उलटे आत येऊन त्यांच्या पायांशी साचते. अशी बोट यार्डात चाकांवर उभी असताना तळाचा रंग पाहावा. शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावलेल्या रंगाची वरची कड मागच्या बाजूला नव्याने वर सरकवलेली असेल आणि जुनी कड तिच्याखाली पुसट दिसत असेल, तर इंजिने बदलल्यावर बोट तेवढी मागे बसली आहे असे खुशाल समजावे. यार्डात दोन मिनिटे वाकून पाहण्याचे हे काम पुष्कळ खरेदीदार करत नाहीत, हे पाहून वाईट वाटते.

बोट बांधणाऱ्यांनी पुढे तळच बदलले. पिछाडी रुंद झाली, मागच्या भागाला अधिक तरंगशक्ती देण्यात आली, डेक थोडे वर गेले आणि इंजिनांसाठी ट्रान्सममध्ये कापलेली खाच जाऊन तिच्या जागी पूर्ण उंचीची मागची भिंत व तिच्या बाहेर इंजिनांची बैठक आली. खोल समुद्राच्या बोटींत पंचवीस इंची ट्रान्समच्या जोडीला तीस इंचीही रूढ झाला. त्यामुळे एकाच नावाचे आणि एकाच लांबीचे मॉडेल असले तरी १९९८ ची बोट आणि २००८ ची बोट या वजनाच्या दृष्टीने दोन वेगळ्या बोटी असू शकतात. वापरलेली बोट घेताना इंजिन किती तास चालले आहे हे सगळेच विचारतात. तळ कोणत्या इंजिनांसाठी आखला होता, हे त्याच्याइतकेच महत्त्वाचे आहे.

त्या पहिल्या पिढीच्या काही मोठ्या फोर-स्ट्रोकांचा आणखी एक दोष काही वर्षांनी उघड झाला. इंजिनाच्या डोक्याखालच्या मधल्या भागात, जिथून गरम धूर खाली उतरतो, तिथे खाऱ्या पाण्याच्या वापरात ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाई. इंजिन बाहेरून चकचकीत आणि सुरू करताच चालणारे असे, पण आत पाणी शिरायला वाट झालेली असे. २००२ ते २००९ या काळातली मोठी इंजिने असलेली बोट पाहताना जाणकार मेकॅनिक आजही त्या भागात कॅमेरा घालून पाहण्याचा आग्रह धरतात, आणि तो धरावाच.

२००४ मध्ये सुपरचार्जरचे (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारे) सरळ रांगेतले सहा सिलिंडरांचे इंजिन आले. २००७ मध्ये आठ सिलिंडरांचे ३५० अश्वशक्तीचे इंजिन आले आणि त्याचे वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे गेले. २०१० मध्ये मात्र ४.२ लिटरचे तीनशे अश्वशक्तीपर्यंतचे जे इंजिन आले, त्याचे वजन सुमारे २५५ किलोच होते. पहिल्या २२५ पेक्षा ते हलके आणि कितीतरी ताकदवान होते. मध्यम आकाराच्या बोटींसाठी वजनाचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला, आणि जुन्या बोटीवर इंजिने बदलायचा विचार असेल तर २०१० नंतरच्या पिढीचाच करावा असे म्हणण्यामागे हेच कारण आहे. मोठ्या बोटींनी ही सवलत वेगळ्या कामी लावली. त्यांच्या मागे तीन आणि नंतर चार इंजिने लागू लागली, आणि ज्या आकाराच्या मासेमारीच्या बोटींत पूर्वी इंजिन आतच असायचे त्या आकारात आउटबोर्ड शिरले. २०१८ मध्ये ४२५ अश्वशक्तीचे, २०२१ मध्ये बारा सिलिंडरांचे ६०० अश्वशक्तीचे इंजिन आले. या शेवटच्याचे वजन सुमारे ५७० किलो आहे, म्हणजे १९९० च्या दशकातल्या अडीच-तीन इंजिनांचे वजन एकाच इंजिनात आले आहे.

एक की दोन हा वादही याच घडामोडींनी बदलला. टू-स्ट्रोकच्या काळात दुसरे इंजिन हे मुख्यतः परतीची हमी होती. प्लग काळे पडून एक बंद पडले, तर दुसऱ्यावर सावकाश घरी यायचे. फोर-स्ट्रोक अधिक भरवशाचे झाल्यावर बावीस ते पंचवीस फुटांच्या बोटीला एकच ३०० चे इंजिन पुरते, हलके पडते आणि देखभाल निम्मी होते, हा पक्ष बळकट झाला. पण दोन इंजिने एकाच टाकीतून, एकाच पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून पेट्रोल घेत असतील तर ती हमी मुळातच अर्धी असते. अमेरिकेत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याची रीत पसरल्यापासून हे अधिकच खरे झाले आहे, कारण असे पेट्रोल पाणी धरते, आणि टाकीच्या तळाशी पाणी वेगळे झाले की दोन्ही इंजिने पाच मिनिटांच्या अंतराने थांबतात. दोन इंजिने घ्यायचीच असतील तर दोन फिल्टर, दोन स्वतंत्र नळ्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र बॅटरी हे त्या खर्चातच धरावे.

कायद्याकडून या निवडीत फारशी मदत होत नाही. अमेरिकेच्या १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्याखाली आउटबोर्ड बोट पाणी भरल्यावरही न कलंडता समपातळीत तरंगत राहावी आणि तिच्यावर कमाल वजनाची व अश्वशक्तीची पाटी असावी ही सक्ती वीस फुटांखालच्या बोटींनाच आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या बहुतेक सेंटर कन्सोल त्याहून लांब असतात, आणि त्यांच्यात तरंगण्याचा फोम किती भरायचा व ट्रान्समवर किती किलो वजन चालेल हे बांधणारा ठरवतो. चांगले बांधणारे हा आकडा किलो किंवा पौंडात लेखी देतात. विचारल्यावर फक्त अश्वशक्ती सांगून थांबणाऱ्याकडून तो लेखी मागून घ्यावा, आणि इंजिनाच्या माहितीपत्रकातल्या वजनात पंखा, तेल आणि स्टिअरिंगचे भाग धरले आहेत का, हेही त्याच वेळी तपासावे.