वक्र छपराचं चॅपल: सरळ फळ्यांतून आलेला आकार

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये २०१६ साली उभं राहिलेलं पांढरं, लाटांसारखं चॅपल पाहिलं की पहिला विचार संगणकाचा येतो. छप्परच ठिकठिकाणी खाली उतरून जमिनीला टेकतं आणि उरलेल्या जागी काच. पण त्यामागची भूमिती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

बार्सिलोनाजवळच्या एका गिरणी वस्तीतल्या चर्चसाठी दोऱ्या टांगून, त्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधून आणि मिळालेली प्रतिकृती उलटी पाहून कमानींचे आकार शोधले गेले. १९०८ ते १९१४ मध्ये तळघरापुरतंच काम झालं. तिथल्या ओसरीच्या छतात हायपरबोलिक पॅराबोलॉइड दिसतात: सरळ रेषा क्रमाने तिरपी करत नेली की तयार होणारे दुहेरी वक्र.

आकार आणि बांधणी यांच्या प्रामाणिकपणावरून खरा वाद मात्र झाला तो फ्रान्समधल्या रोंशां या गावच्या चॅपलवरून. टेकडीवरचं जुनं चॅपल १९४४ च्या लढाईत उद्ध्वस्त झालं, नवं १९५५ मध्ये खुलं झालं. त्याचं फुगीर छप्पर भरीव वाटतं. प्रत्यक्षात ६ सेंमी जाडीचे काँक्रीटचे दोन पापुद्रे, मध्ये सव्वादोन मीटरची पोकळी आणि आत तुळया, विमानाच्या पंखासारखी रचना. दक्षिणेकडची जाडजूड भिंतही पोकळच: आरसीसीचा सांगाडा, त्यावर जाळी आणि फवारलेला गिलावा. एवढी जाडी दाखवायची आणि भार लपलेल्या खांबांवर द्यायचा, ही लबाडी आहे, असा आक्षेप आला. काटेकोर हिशेबाचा आग्रह धरणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुकारानेच तो आग्रह सोडला, याचं दुःख अनेकांना झालं. आक्षेप अगदीच निराधार नाही. तरीही भिंतीच्या माथ्यावर छपराखाली मुद्दाम सोडलेली, हातभरही नसलेली उजेडाची फट विसरली जाते. छप्पर भिंतीवर टेकलेलं नाही, हे ती फट उघड सांगते. शिवाय मनमानी वाटणारे तिथले बरेच पृष्ठभाग सरळ रेषांनीच आखलेले आहेत.

त्याच दशकात मेक्सिकोत सरळ रेषांचा हा फायदा थेट बांधकामात घेतला गेला. कुएर्नावाकाच्या चॅपलचं शेल, म्हणजे काँक्रीटचं वक्र कवच, जेमतेम ४ सेंमी जाड, आणि शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, साध्या सरळ फळ्यांचं. सेंट्रिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढताना ते शेल एकदा कोसळलं. मग उंची कमी करून पुन्हा बांधलं. पुढे सुताराची मजुरी वाढत गेली आणि अशी शेलं परवडेनाशी झाली.

आपल्याकडे दादरचं पोर्तुगीज चर्च याच परंपरेजवळचं. १९७० च्या दशकातल्या त्या इमारतीत एकच प्रचंड छप्पर नाही, निरनिराळ्या जागांवर काँक्रीटची वेगवेगळी शेलं आहेत. तापलेली हवा वरून निघून जाते. मुंबईच्या उकाड्याला याहून समंजस उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

संगणक आला तो १९९० च्या आसपास, बार्सिलोनाच्याच सग्रादा फामिलिया या अपूर्ण चर्चमध्ये. विमान उद्योगातलं सॉफ्टवेअर तिथे आणलं गेलं ते त्याच सरळ रेषांच्या पृष्ठभागांचे छेद काढायला, दगड कुठे कापायचा हे ठरवायला.