गवताचा पूल, दरवर्षी नवा

पेरूमधल्या कुस्को विभागात केवे नावाचा एक जिल्हा आहे. तिथला ‘जिल्हा’ म्हणजे आपल्या बहुतेक तालुक्यांहूनही लहान. उंची समुद्रसपाटीपासून ३,७०० मीटरच्या आसपास, आणि हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. विरळ, कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून जून-जुलैत दुपारी ऊन चटके देतं आणि रात्री पाणी गोठतं. क्वेचुआ बोलणारे इथले शेतकरी या हवेलाच कामाला लावतात. बटाटे रात्री उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं. असा सुकवलेला बटाटा, म्हणजे चुन्यो, वर्षानुवर्षं टिकतो.

याच पठारातून अपुरिमाक नदी खोल घळ कापत जाते. प्रशांत महासागर त्या मानाने जवळ, पण हिचं पाणी उलट्या दिशेला वळून अॅमेझॉनमार्गे थेट अटलांटिकला मिळतं. घळीच्या दोन काठांवर गावं, शेतं, सोयरीक. मग ओलांडायचं कसं? एवढ्या उंचीवर सोटासारखं लाकूड देणारी झाडं मोजकीच. गवत मात्र हवं तेवढं. इंका काळापासून इथे पूल बांधला जातो तो गवताचाच. नाव केस्वाचाका, लांबी सुमारे २८ मीटर.

कोया नावाचं चिवट गवत कापून आणायचं, दगडाने चेचायचं, पाण्यात भिजवायचं. मग तळहातांवर वळत त्याची बारीक दोरी करायची. गवताची काडी वीतभर-हातभर, दोरी मात्र कितीही लांब. मधे ना गाठ, ना गोंद. दोरी ताणली की पीळ आवळतो, काड्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि घर्षणामुळे निसटत नाहीत. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण कुत्सितपणे म्हणतो. इथे सगळी भिस्त त्या पिळावरच आहे. अशा कितीतरी बारीक दोऱ्या एकत्र पिळून जाड दोर होतो आणि तसे तीन दोर वेणीसारखे गुंफले की मुख्य दोरखंड तयार होतो. चार दोरखंड पायाखाली, दोन हातांना धरायला.

हा पूल मधे चांगलाच खोलगट असतो. तो कसून सपाट का ओढत नाहीत? कारण झोळ निम्मा केला की तेवढ्याच वजनासाठी दोरावरचा ताण जवळपास दुप्पट होतो. पूल जितका सपाट, तितका तुटण्याच्या जवळ. हे गणित तिथे कुणी कागदावर मांडत नाही. चाकारुवाक, म्हणजे पुलाचा मुख्य कारागीर, नुसत्या नजरेने झोळ ठरवतो.

काम दरवर्षी जूनमध्ये होतं. पाऊस नसतो, नदीही उतरलेली असते. विंचिरी, चाउपिबांदा, चोक्कायवा आणि कोयाना केवे या चार वस्त्यांतलं प्रत्येक कुटुंब आपल्या वाट्याची दोरी वळून आणतं. आधी पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, आणि डोंगरदेवांना नैवेद्य. तीन दिवस बांधकाम, चौथ्या दिवशी नाचगाणी. बारीक दोऱ्या बायका वळतात, तरी परंपरेने त्यांना प्रत्यक्ष पुलाच्या कामापासून लांब ठेवलं जातं. अपशकुन होतो म्हणे. आधी त्यांच्याच हातची दोरी घ्यायची आणि मग हे सांगायचं, हे मला तरी पटत नाही.

जुन्या पुलाच्या आधाराने नवे दोरखंड पलीकडे जातात. मग जुना कापून नदीत सोडतात. गवतच ते, कुजून जातं. ऊन-पावसात हे दोर वर्ष-दोन वर्षांपलीकडे भरवशाचे राहत नाहीत. जवळच वाहनांचा पक्का पूल आहे, त्यामुळे याच्यावाचून कुणाचं अडत नाही. २०१३ मध्ये युनेस्कोने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते हे पूल नव्याने बांधण्याचं ज्ञान आणि त्याभोवतीचे विधी.

महासाथीमुळे २०२० मध्ये हे काम झालं नाही. मार्च २०२१ मध्ये पूल तुटून नदीत पडला. त्याच जूनमध्ये चारही वस्त्यांचे लोक पुन्हा घळीच्या काठावर जमले. या वेळी पलीकडे दोर न्यायला जुना पूलच नव्हता. तरीही नवा पूल त्याच महिन्यात उभा राहिला.